आमची? बरी हाय

टीम जाहीर झाली की माझं डोकं दुखायला लागतं. टीम कुठलीही असो. इंग्लंडमधल्या ज्या क्लबवर माझा जीव आहे, त्याची अकरा नावं मोबाईलवर उमटली की मी मेडिकलच्या काउंटरमागं उभ्या उभ्या भांडायला सुरुवात करते. समोरचं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत असतं आणि माझ्या मनात चाललेलं असतं, या म्हाताऱ्याला अजून मधल्या फळीत कशाला खेळवून राहिलेत, याचे पाय गेले, नुसतं नाव राहिलं. एकदा एका आजोबांच्या हातात गोळ्यांची पट्टी देताना मी मोठ्यांदा बोलून गेले, "यांना आता बसवायलाच पाहिजे." आजोबा दचकून बाजूच्या स्टुलावर बसले.

नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमचं मेडिकल आहे. नवरा आणि मी मिळून चालवतो. नवरा क्रिकेटचा माणूस. त्याला फुटबॉल म्हणजे नुसता गोंधळ वाटतो, आणि मला त्याचं क्रिकेट म्हणजे दुपारची झोप वाटते. रात्रीची मॅच मी दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, मोबाईल ओआरएसच्या खोक्याला टेकवून. निकाल आधी कळू नये म्हणून तोवर कुणाशी धड बोलत नाही. बघून झालं की क्लबच्या पानावर लांबलचक मराठीत लिहून टाकते, कुणाला काढा, कुणाला घ्या, कुणाचा लिहाज ठेवू नका. तिथं मराठी कुणाला येत नाही. केरळातला एक गृहस्थ मात्र दरवेळी न चुकता अंगठा दाखवतो, आणि मला तेवढं पुरतं.

माझी मतं ठाम आहेत. निवड चुकते ती दोन कारणांनी. एक म्हणजे लिहाज. अमुक माणूस जुना, तमक्यानं मागं लई केलंय, त्याला कसं काढायचं, असं म्हणत म्हणत टीम गाळात जाते. दुसरं म्हणजे मोजमापाचा हव्यास. गोल किती केले, पळाला किती, उडी किती. अहो, पण गोलकीपरच्या पुढं मधोमध उभा राहणारा जो गडी असतो, ज्याला आम्ही ग्राउंडवर स्टॉपर म्हणतो, त्याची किंमत न झालेल्या गोष्टींत असते. समोरच्यानं पास दिलाच नाही, कारण हा आधीच तिथं जाऊन उभा होता. ही न झालेली गोष्ट कुठल्या घड्याळात मोजणार? माझा क्लब दर उन्हाळ्यात नवा फॉरवर्ड आणतो आणि मी दर उन्हाळ्यात ओरडते, की बाबांनो, गळती मागं आहे, तुम्ही पुढच्या दाराला रंग काय देताय.

हे वेड माझ्या वडिलांचं. जळकोटला त्यांचं कापडाचं दुकान होतं. फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की टीव्ही घरातून दुकानात यायचा आणि गिऱ्हाइकांना लुगडी दाखवता दाखवता ते मला विचारायचे, "सांग बरं, कुणाला काढावं?" मी शाळकरी पोर. पण मी सांगायचे आणि ते ऐकून घ्यायचे. माझ्या मताला पहिल्यांदा किंमत दिली ती त्यांनी. दुसऱ्यांच्या लेकरांचं ते तोंड भरून कौतुक करायचे, लई गुणाचं लेकरू, सोन्यासारखं लेकरू. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर मात्र दोनच शब्द. "आमची? बरी हाय." मी शाळेत पहिली आले, बरी हाय. मी फार्मसीला लागले, बरी हाय. आपल्या लेकराला आपणच चांगलं म्हणायचं नसतं, दृष्ट लागते, शिवाय लोकही हसतात. त्यांनी बरी म्हटलं की आई आतून गूळ-शेंगदाणे आणून ठेवायची. आमच्याकडं त्या शब्दाचा भाव सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही.

माझी लेक अकरावीत आहे आणि ती स्टॉपर खेळते. मी खेळवलं म्हणून नाही. पाचवी-सहावीत असताना ती आपल्या पायांनी ग्राउंडवर गेली आणि मागं जाऊन उभी राहिली. पोरी सगळ्या चेंडूमागं झुंडीनं पळत होत्या आणि ही कमरेवर हात ठेवून बघत होती. मला तेव्हा जो आनंद झाला तो मी कुणाला सांगितला नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी नवऱ्यावर दुकान टाकून मी ग्राउंडवर जाते आणि गोलच्या मागं उभी राहते. बसता येत नाही मला. बाकीच्या आया सावलीत सतरंजी टाकून बसतात, मला बोलावतात, मी जाते, आणि गप्पा रंगायच्या आत उठते.

या वर्षी लातूरला विभागाच्या मॅचेस होत्या. त्यासाठी नांदेडची मुलींची टीम निवडायची होती. कोच नवा होता, कोल्हापूरकडचा, तरणा. आल्या दिवसापासून गळ्यात घड्याळ आणि तोंडात शिट्टी. माझ्या कपाळाला आठी पडली. हा मोजणारांतला दिसतो, म्हटलं. स्टॉपरच्या एका जागेसाठी दोघी होत्या. एक माझी लेक. दुसरी नायगावची. शेतकऱ्याची पोर, मावशीकडं नांदेडला राहून शिकणारी, आधी खो-खो खेळलेली. फुटबॉलला येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. चेंडू पायात आला की गांगरायची. पण पळता पळता जागच्या जागी अशी वळायची की समोरची पोरगी पुढं निघून जायची आणि चेंडू हिच्याकडं राहायचा.

लेकीचा जीव या टीमवर होता. टीममध्ये नाव यावं म्हणून तिनं मामाच्या घरचं लग्न सोडलं. पहाटे उठून धावायची. तोंडानं काही बोलायची नाही, पण जेवताना ताटात बोटानं फळ्या आखायची, मागं चौघी, मध्ये तिघी. मला सगळं कळत होतं. मी नवऱ्याला म्हणायचे, "हिला घेतलं न्हाई तर मी त्या कोचला सोडणार न्हाई." नवरा म्हणायचा, "आधी घेऊ तर दे."

निवडीच्या संध्याकाळी कोच शिट्टी हातात धरून सरळ माझ्याकडं आला. बाकीचे आईबाप आजूबाजूलाच होते. म्हणाला, "ताई, तुम्ही रोज हिथं उभ्या असताय. मी नवीन माणूस. ह्या दोघींत तुम्हाला काय वाटतंय, सांगा की."

काय सांगू, वडील सोडले तर आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं. ते गेल्यावर तर कुणीच नाही. इतकी वर्षं मोबाईलशी आणि गोळ्यांच्या पट्ट्यांशी बोलले, आणि आज एक जिवंत कोच समोर उभा राहून माझं मत मागत होता. मला सुरुवात कुठून करावी कळेना. मग नायगावच्या पोरीपासून केली. ती कशी वळते, तिचं अंग कसं हलकं आहे, उंच चेंडूला ती घाबरत नाही, चेंडू पायात आला की गांगरते पण ते शिकवता येईल. मन लावून सांगितलं. दुसऱ्याच्या लेकराबद्दल बोलताना हात कशाला आखडायचा? कोच मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "आणि तुमची?"

"आमची?" मी म्हणाले. "बरी हाय."

आजूबाजूच्या आया हसल्या. त्यांना कळलं. एक तर म्हणाली, "लई बरी हाय सर, आईच बोलून राहिली न्हाई." कोचही हसला, आणि शिट्टी वाजवत आत गेला. लेक मैदानाच्या कडेला बूट बांधत होती. तिनं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ग्राउंडवरच नावं वाचली. नायगावची पोर अकरांत. माझी लेक राखीव.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. घरी येताना स्कूटीवर मी एक शब्द बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रस्ता सुटला असता. रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी दुकान उघडता उघडता मला लख्ख कळलं. कोल्हापूरच्या माणसाला आमचं बोलणं काय कळणार? त्यानं बरी म्हणजे बरीच धरलं. म्हणजे जेमतेम. म्हणजे चालते. सख्खी आईच पोरीला जेमतेम म्हणते आणि दुसरीचं गुणगान गाते म्हटल्यावर तो तरी काय करणार? दोन शब्दांनी माझ्या लेकीची जागा खाल्ली.

नवऱ्याला सांगितलं तर तो इन्सुलिन फ्रिजमध्ये लावत होता. म्हणाला, "मग जाऊन सांग त्याला, की बरी म्हणजे लई चांगली."

"अहो, असं कसं सांगायचं? स्वतःच्या तोंडानं?"

"मग गप ऱ्हा."

गप राहणं मला जमत नाही. मी रोज ठरवायचे की आज कोचला गाठायचं. वाक्यं तयार करायचे. सर, आमच्याकडं असं असतं. सर, तुमचा गैरसमज झाला. ग्राउंडवर गेले की जीभ टाळूला चिकटायची, कारण त्यापुढचं वाक्य 'माझी लेक तिच्यापेक्षा चांगली आहे' हेच होतं, आणि ते काही केल्या बाहेर पडेना. घरी येऊन मग मी लेकीपाशी धुमसायचे. "त्याला भाषाच कळत न्हाई. खेळाचं सोड, भाषा!" लेक पुस्तकात डोकं घालून म्हणायची, "हाव." एकदा मी चप्पल घालून खरंच निघाले, तर तिनं माझा हात धरला. "नको जाऊ, आई. माझी शप्पथ हाय." तिला लाज वाटत असेल, असं मी धरून चालले.

लातूरच्या मॅचला टीम सकाळीच गाडीनं गेली. मी मागून एसटीनं गेले, पिशवीत धपाटे आणि दह्याचा डबा घेऊन. अहमदपूरपर्यंत खिडकीशी बसून मी मनात टीम लावत होते. कुठूनही लावली तरी लेक अकरांत येत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "लातूरला दवाखान्यात चाललाव का?" माझा चेहराच तसा झाला असणार.

मॅच लातूरच्याच टीमबरोबर होती. त्यांच्याकडं नऊ नंबरची एक पोरगी होती, आडव्या बांध्याची, वाऱ्यासारखी पळणारी. लेक बाकावर होती. होती म्हणजे बसलेली नव्हती. कडेला उभी राहून हातवारे करत ओरडत होती, "डावीकडं! मागं बघ, मागं!" आणि नायगावची पोर तिचं ऐकून सरकत होती. बघून माझा जीव वरखाली झाला. अगं, तू कशाला सांगून राहिलीस तिला? चुकू दे ना एकदा.

खरं सांगते, मी तिच्या चुकांचीच वाट बघत होते. टपून बसले होते म्हटलं तरी चालेल. एकदा तिच्या पायातून चेंडू निसटला तेव्हा मला गोड वाटलं. पण पुढं ती नऊ नंबरची पोरगी तिच्या पाठीमागं चेंडू टाकून सुसाट निघाली, आणि आता गोल झालाच असं सगळ्यांनी धरलं, तेवढ्यात ही गर्रकन वळली, दोन ढांगांत तिला गाठलं आणि चेंडू बाहेर ढकलला. लातूरकरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. माझे हातही उचलले गेले होते. मी ते पदरात गुंडाळून घेतले.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्यावर गोल झाला. कोपऱ्यातून आलेला चेंडू, दाटी झालेली, आणि कुणाच्या तरी डोक्याला लागून आत. "तिचीच चूक!" मी ओरडले. चांगली मोठ्यांदा ओरडले. बाकाजवळून लेकीनं वळून माझ्याकडं बघितलं. मग मला सवयीनं सगळं पुन्हा डोळ्यांपुढं दिसायला लागलं, कोण कुठं होती, कुणी कुणाला सोडलं. नायगावची पोर जिथं असायला पाहिजे तिथंच होती. गोलकीपर पुढं आली आणि मध्येच थांबली, गोल तिथं झाला. माझे डोळे माझं ऐकेनात. एवढी वर्षं ज्या डोळ्यांचा मला माज होता, ते नेमके आज फितूर झाले.

मॅच त्या एका गोलनं गेली. पोरी रडल्या, पाणी प्याल्या, आणि थोड्या वेळानं हसायलाही लागल्या. लेक कपडे बदलून माझ्याकडं आली. ग्राउंडच्या बाहेर रसवंतीचं बाकडं होतं, तिथं आम्ही बसलो. मी डबा उघडला आणि तिच्या हातात धपाटं दिलं. मग म्हणाले, "आता मी त्या कोचला सांगूनच येते. दुसरी मॅच तरी तुला मिळायला पाहिजे. त्याला म्हणते, सर, आमच्यात बरी म्हणजे..."

"आई, त्याला माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"बरी म्हणजे काय ते." तिनं धपाट्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "निवडीच्या दिवशीच त्यानं मला विचारलं. म्हणाला, तुझी आई तुला नुसतं बरी म्हणाली, घरी काय भांडणबिंडण हाय का? मी म्हणलं, न्हाई सर, आमच्यात आपल्या लेकराला असंच म्हणतात. आई मला लई चांगली म्हणून राहिली. तर तो हसला. म्हणाला, आमच्या आईचंबी असंच हाय."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी नावं वाचल्यावर म्हणाला, तुला खेळ कळतो, तिच्यापेक्षा जास्त कळतो. पण चेंडू पाठीमागं पडला की तू वळायला उशीर करती. लातूरची नऊ नंबरची पळणारी हाय, तिच्यापुढं तो उशीर चालणार न्हाई. म्हणून तिला घेतलं."

रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. म्हणजे इतके दिवस मी ज्याच्यावर दात खात होते तो गैरसमज झालेलाच नव्हता. ना लिहाज, ना माझे दोन शब्द. एका माणसानं दोघींना नीट बघितलं होतं आणि माझ्या लेकीला बाहेर ठेवलं होतं.

"हे तू मला का न्हाई सांगितलं?"

"तुला तसं बरं वाटून राहिलं होतं," ती म्हणाली. "तू म्हणायचीस, दोन शब्दांनी जागा गेली. मला वाटलं, तसंच असू दे. न्हाईतर तुला वाटलं असतं, मी कमी पडले."

त्या पोरीनं एवढे दिवस ते एकटीनं गिळलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून. राखीव राहण्याचं दुःख तिचं, आणि सांभाळत होती ती मला. मी डब्याचं झाकण उगाच लावलं, काढलं.

"आता तू सांग," ती म्हणाली. "तू असतीस निवडायला, तर आज कुणाला घेतलं असतंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. कुठलीही आई बोलली असती आणि कुणी तिला नावं ठेवली नसती. पण तिनं आईला विचारलंच नव्हतं. कापडाच्या दुकानात वडील मला विचारायचे तसं, खरं मत हवं म्हणून ती विचारत होती, आणि तिच्या डोळ्यांत बघून मला दुसरं काही बोलवेना.

"तिला," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. ओठ दाबून धरले, पण डोळे भरलेच. मी हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला, रागानं नाही, घाईनं. "थांब. मला हे सांग, वळताना माझं नेमकं काय चुकतं? पाय उशिरा उचलते का अंग उशिरा फिरतं? सर म्हणतात उशीर होतो, पण कुठं होतो ते मला कळून राहिलं न्हाई. तू रोज मागंच उभी असती. तू बघितलं असशील."

मी आठवायला लागले. गोलच्या मागं उभं राहून काढलेल्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. नायगावच्या पोरीचं वळणं मला डोळ्यांपुढं दिसत होतं, आधी खांदा, मग कंबर, मग पाय. इंग्लंडमधल्या त्या म्हाताऱ्याचंही दिसत होतं. माझ्या लेकीचं काही केल्या दिसेना. चेंडू तिच्या पाठीमागं पडला की मी दरवेळी मान खाली घालायचे. भीती वाटायची. आरडाओरडा थांबला की मगच वर बघायचे.

"मी बघितलं न्हाई," मी म्हणाले.

तिनं हातातला तुकडा तोंडात टाकला, बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या बघ."